कोलेस्टेरॉल उतरवायचंय, किडनीही सांभाळायचीय

प्रश्न : वडील 64 वर्षांचे आहेत. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 158, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.7. डॉक्टरांनी अटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केलीय, पण वडिलांचा ओढा ‘नैसर्गिक’ उपायांकडे. इसबगोल, रेड यीस्ट राइसच्या (लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाच्या) कॅप्सूल आणि दुधीचा रस, असं तिघांनी तीन सुचवलंय. काय द्यावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : इसबगोल जरूर द्या. बाकीचे दोन्ही नकोत.

इसबगोलाचा भुसा आतड्यात फुगून बुळबुळीत होतो आणि पित्ताम्लं (यकृतात कोलेस्टेरॉलपासून बनणारी, चरबी पचवणारी आम्लं) धरून शौचावाटे बाहेर नेतो. ती पुन्हा तयार करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. रोज 10 ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट टेबलस्पून, नियमित घेतल्यास एलडीएल 5 ते 10 टक्के उतरतं. वडिलांचं 158 फार तर 142-150 वर येईल. तेवढ्यावर भागणार नाही, म्हणून गोळी बंद करू नका. किडनी कमजोर असली तरी या गोळीचा डोस सहसा कमी करावा लागत नाही.

पहिला आठवडा एकच टीस्पून द्या, नाहीतर पोट फुगतं. ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. ठेवलं की घट्ट गोळा होतो. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणं मात्र धोक्याचं, तो अन्ननलिकेत अडकतो. इतर औषधांपासून दोन तास लांब ठेवा. पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर हे जादा पाणी डॉक्टरांच्या कानावर घाला.

रेड यीस्ट राइसमधलं मोनाकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिनच, वडिलांच्या गोळीसारखंच स्टॅटिन गटातलं औषध. गोळीवर ही कॅप्सूलही घेतली तर स्टॅटिनवर स्टॅटिन होतं. त्याने स्नायू झिजून त्यांतली प्रथिनं रक्तात उतरली, की त्यांचा मारा थेट किडनीवर होतो. शिवाय काही कॅप्सूलमध्ये सिट्रिनिन सापडतं. हे बुरशीचं विष किडनीलाच बाधतं.

दुधीची भाजी खुशाल खाऊ द्या. कच्चा रस नको. कडू निघालेल्या दुधीच्या रसाने उलट्या, रक्तस्राव होऊन माणसं दगावली आहेत. भाजीची दुधीही चिरल्यावर तुकडा चाखून घ्या, कडू लागली तर टाकून द्या.

‘किडनी साफ’ करणाऱ्या पुड्याही कुणी सुचवतीलच. घटक लिहिलेले नसतील तर हात लावू नका. अशा पुड्यांत पारा, शिसं किंवा वेदनाशामक औषध निघतं आणि तिन्ही किडनीचे शत्रू.

दोन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) तपासून घ्या. त्याआधी अंग विनाकारण ठणकू लागलं किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.