रविवारी चर्च चुकतं, देव नाराज होईल का?

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, आणि विचारणारी बहुतेक वेळा घरची सून असते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ताईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सासूबाईंना अर्धांगवायू झालेला. रविवारी नवरा, दीर, मुलं उपासनेला जात आणि ताई घरी राहत. अंग पुसायचं, चादर बदलायची, कुशीवर वळवून पाठीला उशी लावायची, मऊ भात चमच्याने भरवायचा. तेवढ्यात चर्चहून मंडळी परत, की त्यांची पानं वाढायची. बोलतानाही त्यांचं निम्मं लक्ष मोबाईलकडे होतं, घरून फोन आला तर निघावं लागणार होतं. “मॅडम, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ उपासनेत दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस) घेऊन कित्येक महिने झाले. रात्री बायबल उघडलं की दोन ओळींत डोळा लागतो. माझा विश्वास कमी झालाय का?”

नाही, ताई. बायबलमधल्या थकलेल्या एलीया संदेष्ट्याला देवाच्या दूताने उपदेश केला नाही. खायला दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. आणि प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो, आपलं शरीर जिवंत यज्ञ म्हणून देवाला अर्पण करा, हीच तुमची उपासना. शरीर म्हणजे सासूबाईंना वळवणारे हे हातसुद्धा. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1522 मध्ये विवाहाविषयी लिहिताना बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाचं उदाहरण दिलं आहे: लोक त्याची टिंगल करोत, तो हे विश्वासाने करत असेल तर देव आणि सगळे देवदूत आनंदाने हसतात. हे ऐकून ताई खुलल्या.

पण एवढ्यावर त्यांना घरी पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. “सेवा हीच उपासना” हे वाक्य बाकीच्यांना फार सोयीचं पडतं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 5व्या अध्यायातली शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा वाचा. तुझ्या दासाला, दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, असं तिथे स्पष्ट आहे. बैल आणि गाढवसुद्धा त्या आज्ञेत आहेत. मग सुनेला त्यातून कुणी वगळलं?

पुढच्या भेटीला नवऱ्यालाही बोलावलं. ते म्हणाले, “तीच म्हणते, तुम्ही जा.” ताई म्हणाल्या, “तू जातेस का, असं कधी विचारलंत?” यावर ते काही बोलले नाहीत, पण आईला कुशीवर कसं वळवायचं ते त्यांनी त्याच आठवड्यात शिकून घेतलं. आता एका आड एक रविवार ते घरी थांबतात.

प्रभुभोजनाचं मी पाळकसाहेबांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलायला सांगितलं. त्यात संकोच कसला? इसवी सन 150च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोममध्ये लिहून ठेवलंय की उपासनेला येऊ न शकलेल्यांकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, प्रभुभोजन पोचवत. आजारी माणूस आणि त्याच्या उशाशी बसलेलं माणूस दोघंही चर्चच्या मंडळीतच असतात. पाळकसाहेब आता महिन्यातून एकदा घरी येतात, सासूबाईंना भाकर द्राक्षारसात भिजवून देतात. तुमच्याकडे अशी अडचण असेल तर पाळकांना कळेल म्हणून वाट बघू नका, फोन करा.

दीर अजून पाळीला उभे राहिलेले नाहीत. पुढच्या बैठकीला त्यांनाही बोलावलंय.