सामाईक फोल्डर आणि यूआयडीचा घोळ: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात सर्व संगणक उबुंटू या लिनक्स प्रणालीचे आहेत आणि त्यांपैकी एकावरचा फोल्डर एनएफएसद्वारे, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटून वापरण्याच्या पद्धतीने, बाकीच्यांना दिलेला आहे. तो फोल्डर सर्वांसाठी खुला ठेवला आहे. गावच्या एका माजी विद्यार्थ्याने नुकताच एक मॅक भेट दिला. त्यावरही 'शिक्षक' याच नावाचे खाते उघडले आणि पासवर्डही तोच ठेवला; तरीही जुन्या फाइली वाचता येतात, पण त्यांत बदल करून जतन करता येत नाहीत. असे का होते? (शिक्षिका, दर्यापूर तालुका)

उत्तर : १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत, नेहमीच्या मांडणीप्रमाणे, सर्व्हरकडे (फोल्डर देणाऱ्या संगणकाकडे) तुमचे नाव जातच नाही आणि पासवर्डही जात नाही. जातो तो यूआयडी, म्हणजे खात्याचा ओळखक्रमांक, हा आकडा, मुख्य गटाचा आकडा आणि फार तर आणखी १६ गटांचे आकडे. सातबाऱ्यावर शेत गट क्रमांकाने ओळखले जाते; घरची माणसे त्याला 'नाल्यावरचे वावर' म्हणतात की आणखी काही, याच्याशी तलाठ्याला कर्तव्य नसते. तुमच्या 'शिक्षक' या नावाचेही सर्व्हरच्या लेखी तेवढेच मोल आहे.

उबुंटूमध्ये पहिल्या खात्याला १००० हा क्रमांक मिळतो, तर मॅकमध्ये ५०१. त्यामुळे मॅकवरचे 'शिक्षक' सर्व्हरला ५०१ या क्रमांकाचे परके गृहस्थ वाटतात आणि त्यांना 'इतर' या वर्गाच्या परवानग्या मिळतात. म्हणजे सहसा वाचायचे, लिहायचे नाही. मॅकवरून तयार केलेली नवी फाइल सर्व्हरवर पाहिलीत, तर मालकाच्या जागी नुसता ५०१ आणि गटाच्या जागी बहुधा 'डायलआउट' असे दिसेल. मॅकच्या 'स्टाफ' गटाचा क्रमांक २० आहे आणि डेबियन (हीही लिनक्स प्रणालीच) व उबुंटूमध्ये तोच क्रमांक 'डायलआउट' या गटाला दिलेला असल्यामुळे हे घडते; तुमच्या हातून काही बिघडलेले नाही.

तुम्ही विचारलेल्या अडचणीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची अधिक काळजी वाटते. उबुंटूच्या प्रत्येक संगणकावर पहिले खाते १००० क्रमांकाचेच असते. मुख्याध्यापकांच्या संगणकावरील पहिले खाते आणि कक्षातील संगणकावरील विद्यार्थ्यांचे पहिले खाते, दोन्हींची नावे वेगळी असली तरी सर्व्हरच्या दृष्टीने तो एकच माणूस आहे, आणि गुणपत्रिकेची फाइल विद्यार्थ्याला कोणतीही सूचना न येता उघडते, बदलताही येते. मॅकने निदान अडवले म्हणून तुमच्या लक्षात तरी आले. हा दोष मात्र काहीच न अडता चालू राहतो.

म्हणून आधी एका वहीत कोणाला कोणता क्रमांक द्यायचा हे लिहून काढावे आणि मग तो प्रत्येक संगणकावर तसाच लावावा. उबुंटूला मॅकप्रमाणे ५०१ वर उतरवू नये, कारण तिथे १००० च्या खालचे क्रमांक यंत्रणेच्या अंतर्गत खात्यांसाठी राखलेले असतात आणि असे खाते प्रवेशाच्या पडद्यावर सहसा दिसत नाही. बदल मॅकवर करावा. तिथे 'युजर्स अँड ग्रुप्स'मध्ये खात्याच्या नावावर कंट्रोल दाबून क्लिक केल्यावर 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडते आणि त्यात युजर आयडी बदलता येतो. त्या वेळी त्या खात्यातून बाहेर पडून दुसऱ्या ॲडमिन खात्यातून काम करावे, आणि क्रमांक बदलल्यावर त्या खात्याच्या होम फोल्डरची मालकीही नव्या क्रमांकाच्या नावे करावी, नाहीतर त्या खात्याला स्वतःच्याच फाइली उघडता येणार नाहीत.

प्रश्न : आमच्या संत्रा उत्पादकांच्या कंपनीत सर्व्हर डेबियनचा आहे आणि हिशेबाचे संगणक विंडोजचे आहेत. विंडोजमधील एनएफएस क्लायंट (सर्व्हरवरचा फोल्डर जोडून घेणारी सोय) सुरू केला, तर नव्या फाइलींचा मालक ४२९४९६७२९४ असा दिसतो. हा आकडा कुठून आला? (व्यवस्थापक, वरुड तालुका)

उत्तर : हा आकडा म्हणजे उणे दोन. ३२ बिटांच्या, चिन्ह नसलेल्या संख्येत तो असा दिसतो. विंडोज माणसाला यूआयडीने ओळखत नाही. एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या एसआयडी नावाच्या लांबलचक ओळखक्रमांकाने ओळखते. त्याचे यूआयडीत रूपांतर कसे करायचे हे कोणी सांगितलेले नसले, की विंडोजचा क्लायंट सर्व्हरकडे 'अनामिक' म्हणून जातो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदवहीत, अनामिकाचा यूआयडी आणि गटाचा क्रमांक ठरवून देता येतो, आणि अनेक ठिकाणी हाच उपाय सांगितला जातो; पण मग त्या संगणकावर कोणीही बसले तरी सर्व्हरवर तो एकच माणूस ठरतो, हिशेबाच्या कामाला हे योग्य नव्हे.

तुम्ही विंडोजसाठी एनएफएस सोडून सर्व्हरवर साम्बा (विंडोजच्या पद्धतीने फोल्डर वाटून देणारे सॉफ्टवेअर) बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात विंडोज वापरणारा नाव आणि पासवर्ड देऊन आत येतो आणि त्याचा यूआयडी कोणता हे सर्व्हर स्वतःच्या यादीवरून ठरवतो, त्यामुळे दोन्हीकडचे क्रमांक जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. साम्बाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डहून वेगळा नोंदवावा लागतो, हे विसरू नये. सर्वांनी मिळून वापरायच्या फोल्डरसाठी एक गट करून त्या फोल्डरला सेटजीआयडी ही परवानगीची खूण लावावी, म्हणजे आत तयार होणारी प्रत्येक फाइल त्याच गटाची राहील.

प्रश्न : आमच्या वाचनालयात एक स्वयंसेवक स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला, नेटवर्कला जोडला आणि ग्रंथपालांच्या फाइली पासवर्डविना उघडून दाखवल्या. सर्व्हरवर 'रूट स्क्वॉश' चालू होते. मग हे कसे घडले? (सिंदेवाही तालुका)

उत्तर : 'रूट स्क्वॉश' फक्त ० या क्रमांकाला, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याला, अडवते, त्याला ६५५३४, म्हणजे 'नोबडी' करून टाकते. पण स्वतःच्या लॅपटॉपवर जो रूट आहे, तो हव्या त्या क्रमांकाचे खाते क्षणात उघडू शकतो, आणि सर्व्हर त्या क्रमांकावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. म्हणून ज्या संगणकांची ॲडमिन खाती तुमच्या ताब्यात आहेत, तेवढ्यांचेच आयपी पत्ते (नेटवर्कवरचे क्रमांक) सर्व्हरवरील एक्स्पोर्ट्सच्या फाइलमध्ये, म्हणजे फोल्डर कोणाला द्यायचा याच्या यादीत, लिहावेत. आयपी पत्ताही बदलता येतो, तेव्हा हे कुंपण पक्के नाही. खरा बंदोबस्त केर्बेरॉसने, म्हणजे प्रत्येकाची ओळख पासवर्डने पटवून घेणाऱ्या यंत्रणेने, होतो; मात्र एका खोलीच्या वाचनालयासाठी तो व्याप मला झेपणारा वाटत नाही. बाहेरचे लॅपटॉप येणारच असतील, तर त्यांना साम्बावाटे पासवर्डने आत घ्यावे आणि एनएफएस त्यांच्यासाठी बंदच ठेवावे.

प्रश्न : एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत क्रमांकाऐवजी नाव जाते, असे वाचले. मग ती आवृत्ती घेतली की काम झाले? (पांढरकवडा)

उत्तर : अर्धेच. त्या आवृत्तीत फाइलीचा मालक 'नाव आणि डोमेन' अशा रूपात सांगता येतो. पण केर्बेरॉस नसेल तर प्रत्येक मागणीसोबत जाणारी ओळख पूर्वीसारखीच आकड्यांची असते आणि परवानगी त्यावरूनच तपासली जाते. परिणामी यादीत मालक म्हणून तुमचेच नाव दिसते आणि लिहायला गेल्यावर नकार मिळतो. हा गोंधळ टाळण्यासाठी लिनक्समध्ये अशा मांडणीत आता मालकाच्या जागीही आकडेच पाठवण्याचा प्रघात आहे. वही करून क्रमांक जुळवणे इथेही सुटत नाही.

प्रश्न : आमच्या छापखान्यातील सेंटओएस ६ या लिनक्स प्रणालीचा सर्व्हर काढून नवा उबुंटू लावला, जुनी डिस्क त्याला जोडली. आता जुन्या फाइलींचा मालक ५०० दिसतो. (आर्वी तालुका)

उत्तर : सेंटओएस ६ पर्यंत खात्यांचे क्रमांक ५०० पासून सुरू होत, सातव्या आवृत्तीपासून ते १००० पासून सुरू झाले. फाइंड या आज्ञेने ५०० क्रमांकाच्या सर्व फाइली शोधून त्यांची मालकी नव्या क्रमांकाला द्यावी. गटाच्या क्रमांकासाठी तेच वेगळे करावे. ५०१, ५०२ असे पुढचे क्रमांकही असतील, म्हणून आधी जुन्या डिस्कवरील 'passwd' नावाची खात्यांची यादी उघडून कोणता क्रमांक कोणाचा होता हे पाहावे. यापुढे आरसिंक या प्रत काढण्याच्या आज्ञेने प्रत काढताना क्रमांक जसेच्या तसे ठेवण्याचा पर्याय द्यावा, नाहीतर ते दोन्हीकडच्या नावांची जुळणी करून मालक बदलते. आणि काम सोडून गेलेल्या माणसाचे खाते पुसून टाकण्याऐवजी बंद करून ठेवावे, कारण तो क्रमांक सर्वांत मोठा असेल तर पुढच्या नव्या माणसाला तोच मिळतो आणि जुन्याच्या सगळ्या फाइली आपोआप त्याच्या नावे होतात.