थाळनेरचे दरवाजे

प्रिय भाऊ,

टेबलावर छोट्या सैनिकांनी खेळायच्या लढाईच्या खेळासाठी तू लिहिलेला थाळनेरचा सिनॅरिओ, म्हणजे त्या एका लढाईचा डाव आणि त्याचे नियम, दोनदा वाचला, मग मांडून पाहिला. २७ फेब्रुवारी १८१८, तापीकाठचा किल्ला, बाहेर इंग्रज सेनापती हिस्लॉपची फौज, आत किल्लेदार तुळशीराम आणि अरबांची शिबंदी. मंदसोरच्या तहात होळकरांनी खानदेश सोडला, पण थाळनेरनं दरवाजे उघडले नाहीत. तू हे मन लावून वाचलंयस, ते दिसतं. पण स्पर्धेत हा डाव आज उभा राहणार नाही.

मोजपट्टी घे. पहिला दरवाजा हल्लेखोरांपासून ३० इंचांवर आहे. पायदळ फेरीला ६ इंच चालतं, म्हणजे पोचायलाच पाच फेऱ्या. अडीच तासांत नवखी मुलं चार फेऱ्या कशाबशा पुऱ्या करतात. तुझ्या दरवाजापाशी कोणी जाणारच नाही. अंतर १८ इंचांवर आण आणि फौजा निम्म्या कर. मधल्या मोकळ्या मैदानात एखादा ओढा, दोन पडक्या भिंती ठेव, नाहीतर पहिल्याच गोळीबारात अर्धं पायदळ उचलून डब्यात जाईल.

आता गुण. इथेच मला तुझ्याशी सगळ्यात जास्त बोलायचंय. स्पर्धेतला खेळाडू आधी गुण कशाचे ते वाचतो आणि तेवढंच खेळतो. माझा पहिला सिनॅरिओ लळिंगच्या घाटाचा होता, तेव्हा गुण फक्त मारलेल्या पलटणींचे ठेवले होते. दोन्ही मुलं दोन तास आपापल्या कडेला बसून राहिली. पुढे जाईल त्याचं नुकसान, मग कोण जाईल? त्यातला एक चोपड्याहून पहाटेच्या एसटीनं आला होता. त्याचा दिवस माझ्यामुळे वाया गेला, हे मला अजून लागतं.

तू सगळे गुण शेवटी मोजतोस. मग ज्याची चाल नंतर, तो शेवटच्या चालीत एक घोडेस्वार मार्करवर, म्हणजे गुणांच्या जागेच्या खुणेवर, पळवतो आणि समोरच्याकडे उत्तर द्यायला चालच उरत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या फेरीपासून, ज्याची चाल त्याचे गुण चालीच्या सुरुवातीला मोज. जागा घेतली तर समोरच्याची एक पूर्ण चाल ती राखावी लागेल. त्यानं दोघांनाही लवकर बाहेर पडावं लागतं.

थाळनेरला एकामागून एक दरवाजे होते. आतल्या दिंडीतून, म्हणजे दरवाजातल्या छोट्या दारातून, शिरलेले इंग्रज अधिकारी तिथेच कापले गेले. हाच तुझा कणा. दरवाजा पडला की हल्लेखोराला गुण, आणि दरवाजा उभा राहील त्या प्रत्येक फेरीचे गुण शिबंदीला. बाजू समान करायच्या भानगडीत पडू नकोस, किल्ला आणि फौज समान नसतातच. तेच दोघे बाजू बदलून पुन्हा खेळतील, दोन्ही डावांची बेरीज धर. फौजा निम्म्या करायला सांगितलं ते म्हणूनच, दोन डाव एका बैठकीत बसले पाहिजेत.

एक गोष्ट मात्र काढून टाक. किल्लेदाराला पकडून फाशी दिल्याचे दहा जादा गुण तू ठेवलेस. त्याला खरंच फाशी दिली, आणि शिबंदीची जवळपास सगळी कत्तल झाली. ती माणसं आपल्याच तापीकाठी मेली. इतिहास म्हणून वरच्या परिच्छेदात ते सरळ लिही. गुण म्हणून नको.

येत्या रविवारी अमळनेरला ये. भरीत-पुरी जेवू, मग तू शिबंदी घे. मी हल्लेखोर होईन आणि तुझे नियम मोडायचा जमेल तितका प्रयत्न करीन, मागे बसून राहीन, वेळ काढीन, एकाच दरवाजावर सगळं झोकून देईन. तू फक्त वहीत टिपत जा, कुठल्या फेरीत मला काय फायद्याचं वाटलं. दरवाजे थर्माकोलचे असले तरी चालतील, पण निघतील असे कर.

तुझा,
काका