एकटीने मुलांना घेऊन गाडीने लांब जायचंय, जमेल का?

"मॅडम, मी एकटी दोन मुलांना घेऊन गाडी चालवत रत्नागिरीला गेले तर तो वेडेपणा आहे का?" हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून बरेचदा येतो, गाव बदलतं, मुलांची वयं बदलतात, पण प्रश्न तोच. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीआधी तर हमखास. म्हणून एका ताईंचा अनुभव त्यांना विचारून इथे लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेतीनचा. घटस्फोट झालेला, मुलांचा ताबा आईकडे, वडील ठरलेल्या रविवारी भेटतात. राहणार पुण्यात, सख्खी मावशी रत्नागिरीत. गाडी स्वतःची, रोज ऑफिसला त्याच गाडीने जातात म्हणजे हात चांगला बसलेला. तरीपण दिवाळीत मावशीकडे जायचं ठरल्यापासून झोप उडाली होती. रात्री डोळे मिटले की आंबा घाट दिसायचा, मागे दोघं रडतायत आणि गाडी बंद पडलीये. घरचे सगळे म्हणत होते एकटी कशाला, बसने जा नाहीतर भावाला बरोबर घे. आणि मुलांच्या वडिलांचा मेसेज आला होता, "पोरांना काही झालं तर जबाबदार कोण?"

तो मेसेज त्यांनी मला मोबाईल पुढे करून दाखवला. त्याआधी आम्ही अर्धा तास टायर, घाट, उलट्या यावरच बोलत होतो, पण हे वाक्य वाचताना त्यांचा आवाज बदलला. मग मी विचारलं की समजा नवरा बरोबर असता आणि हाच टायर ह्याच घाटात पंक्चर झाला असता तर? त्या म्हणाल्या, "तर काय, पंक्चर झाला असता. आता माझ्यामुळे झाला असं होईल."

तर मूळ भीती ही होती, की जे काही होईल त्याचं खापर एकाच डोक्यावर फुटणार. दोन मोठी माणसं असली की चूकही वाटली जाते, एकट्या पालकाला ती सोय नाही. आणि हे ओझं नुसतं धीर देऊन हलकं होत नाही, "काही होत नाही गं, जा बिनधास्त" म्हणणाऱ्या मैत्रिणीचा त्यांना उलट रागच येत होता. मला तो राग बरोबर वाटला.

मी त्यांना कागद दिला आणि डोक्यात येईल ती प्रत्येक काळजी लिहायला सांगितली, फालतू वाटली तरी. पान भरलं. त्यातली मला सगळ्यात खरी वाटलेली काळजी अगदी साधी होती: मला बाथरूमला जायचं झालं तर मुलं कुठे ठेवू? हे कोणी बोलत नाही, पण मुलांना घेऊन एकटं निघालेल्या कुठल्याही आईबापाला पहिल्या तासात हाच प्रश्न पडतो. आम्ही नियम ठरवला, एक उतरलं की सगळे उतरायचे, धाकटा झोपला असला तरी उचलायचा, "दोन मिनिटांत येते" म्हणून गाडीत सोडायचं नाही, कारण बंद गाडी उन्हात काही मिनिटांत भट्टीसारखी तापते आणि लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा खूप लवकर तापतं. किल्ली कायम हातात, सीटवर टाकायची नाही. थांबायचं ते वर्दळीच्या पेट्रोल पंपावर नाहीतर फॅमिली बसलेल्या हॉटेलात.

असं एकेक करत गेलो. ज्याला उत्तर आहे त्यापुढे उत्तर लिहायचं. टायर गेला तर हायवेवर स्वतः जॅक लावत बसायचं नाही, गाडी डावीकडे कडेला, चारी इंडिकेटर चालू, मुलांना डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून लांब उभं करायचं आणि मग फोन, इमर्जन्सीला ११२, नॅशनल हायवेवर १०३३, इन्शुरन्सचा रोडसाइड असिस्टन्सचा नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डमध्ये, कारण फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. उलटीसाठी औषध आपल्या मनाने द्यायचं नाही, मुलांच्या डॉक्टरांना विचारून वयाप्रमाणे, आणि घाटात मोबाईल बंद, नजर खिडकीबाहेर लांब. कपड्यांचा एक एक जोड बॅगेच्या तळाशी नको, वरच्या पिशवीत हवा. कोर्टाच्या आदेशात मुलांना बाहेरगावी नेण्याबद्दल काही अट आहे का हे वकिलांकडून एकदा बघून घ्या असंही सांगितलं, आणि वडिलांना वाद न घालता तारखा, मुक्काम आणि मावशीचा नंबर एवढाच मेसेज पाठवा म्हटलं. त्यांनी पाठवला, पलीकडून "ओके" आलं, विषय संपला.

उत्तर नसलेल्या काळज्या दोन-तीनच उरल्या. "मुलांना आठवण राहील की बाबा नव्हते" ही त्यातली एक. त्याला उत्तर नाहीच. ती बरोबर घेऊनच जायचं.

मुलीबद्दल मात्र मला जरा थांबावं लागलं. ती आईला म्हणाली होती, "मी पुढे बसते, बाबांच्या जागी, तुला झोप आली तर मी उठवीन." आईला कौतुक वाटलं होतं, डोळ्यात पाणीच आलं होतं. मला काळजी वाटली. आईबाबा वेगळे झाले की मोठं मूल बरेचदा न सांगता दुसऱ्या मोठ्या माणसाच्या खुर्चीत जाऊन बसतं, शहाण्यासारखं वागतं, सगळे शाबासकी देतात आणि ते मूल हळूहळू हट्ट करायचंच विसरतं. मी आईला म्हटलं, तिला स्पष्ट सांगा की रस्ता बघणं, जागं राहणं, धाकट्याला सांभाळणं हे सगळं आईचं काम, तुझं काम खिडकीतून बघायचं आणि भूक लागली की सांगायचं. जागा मागचीच. पुढे एअरबॅग असते, ती मोठ्या माणसाच्या उंचीच्या हिशोबाने असते, मुलं मागेच बरी. धाकट्याला चाइल्ड सीट, मुलीला बूस्टर (बेल्ट नीट बसावा म्हणून उंची वाढवणारी सीट) आणि बेल्ट. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून हजार रुपये दंड आहे, पण दंड सोडा, एकटी गाडी चालवताना मागे मूल उभं राहिलंय की बसलंय हे बघत बसावं लागलं तर रस्त्यावर लक्ष राहणार कसं?

आधी छोटी फेरी करून बघू असं ठरलं. एका शनिवारी तिघं वाईला जाऊन आले. खंबाटकी घाट लागतो, फार लांब नाही, संध्याकाळी परत. महागणपतीचं दर्शन, कृष्णेच्या घाटावर पाण्यात पाय. परतताना धाकट्याने शिरवळपर्यंत नुसता गळा काढला होता. त्या सांगत होत्या, "आधी मला वाटलं मीच आता रडणार. मग गाडी पंपावर घेतली, दहा मिनिटं नुसते बसलो. तो रडायचा थांबला पण नाही. तरी मी परत चालवायला लागले." भीती कमी व्हायला हेच लागतं, की ज्याची धास्ती होती ते झालं आणि तरी आपण पुढचं काम केलं. टाळत राहिलं की भीती वाढते, एकदम मोठी उडी मारली तरी वाढते, मधली पायरी म्हणून वाई.

मग रत्नागिरी. अंतर ३०० किलोमीटरच्या वर आहे, ते एका दमात करायचा हट्ट सोडा म्हटलं. कराडला मुक्काम केला, संध्याकाळी प्रीतिसंगमावर मुलं मनसोक्त धावली, दुसऱ्या दिवशी नाष्टा करून कोकरूड, मलकापूर, आंबा घाट. बरेच जण सांगतात पहाटे चारला निघा, मुलं झोपलेली असतात, गाडी सुसाट जाते. एकट्या आईला मी हे कधीच सुचवत नाही. मुलं झोपलेली असतील हो, पण आदल्या रात्री बारापर्यंत बॅगा भरलेल्या बाईची झोप कोण पुरी करणार? झोपेचा तो एक क्षण सगळ्यात धोक्याचा, शेजारी हाक मारायला कोणी नसतं. दर दोन तासांनी थांबायचं, आणि निघायच्या आधीच स्वतःला सांगून ठेवायचं की कराडहून परत फिरलो तरी ट्रीप झाली. ही परवानगी आधीच घेतलेली असली ना, की थकलेलं असताना नुसत्या ईर्षेने गाडी रेटली जात नाही.

आंबा घाटात धाकट्याला उलटी झालीच, डॉक्टरांनी दिलेलं औषध घेऊनही. रुंद जागा बघून थांबल्या, टपरीवरच्या मावशींनी पाण्याचा तांब्या दिला, कपडे बदलले. मुलगी बाजूला उभी राहून म्हणाली, "शी, मला वास येतोय, मला नाही बसायचं त्याच्याशेजारी," आणि भोकाड पसरलं. हे सांगताना आई वैतागलेली होती, मला मात्र फार बरं वाटलं. सात वर्षांची मुलगी सात वर्षांसारखी वागली.

सगळ्यांना मी जा म्हणत नाही. गाडी चालवताना छातीत धडधड होऊन हातपाय गार पडण्याचे प्रकार झाले असतील, झोपेचं किंवा गुंगी येणारं औषध चालू असेल, किंवा आठवडाभर नीट झोप नसेल, तर आधी त्यावर डॉक्टरांशी बोला, समुपदेशन घ्या, तोवर बस आणि ट्रेन आहेतच. त्यात कमीपणा काहीच नाही.

ह्या ताई परवा आल्या तेव्हा मे महिन्यात दोघांना घेऊन गाडीनेच नागपूरला जायचं म्हणत होत्या. मी सरळ नाही म्हटलं. विदर्भातलं मेचं ऊन, ७०० किलोमीटर, एकटीच ड्रायव्हर. जरा हिरमुसल्या, मग तिथेच फोन काढून ट्रेनच्या तारखा बघायला लागल्या.