गाडीच्या पुढच्या चाकाची बेअरिंग घरी बदलता येते का?

येते, पण अर्धंच काम घरी होतं. आधी खात्री कर, स्पीडला घों घों येतं आणि उजवीकडे वळताना वाढतं तर बहुतेक डावी बेअरिंग गेलेली असते. एक्सल नट, म्हणजे चाकाच्या मधोमधचा मोठा नट, गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, जॅकवर चढवून मग जोर लावू नको. आपल्याकडे समुद्राचा वारा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे तो नट गंजून बसलेला असतो, मी म्हापशात आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलेलं तरी सकाळी पान्याला पाइप घालून वर उभं राहावं लागलं! कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) तारेने टांग, ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नको. बऱ्याच छोट्या गाड्यांत बेअरिंग नकलमध्ये (चाकामागचा, हब धरणारा धातूचा भाग) प्रेसने, म्हणजे दाबयंत्राने, बसवलेली असते, तेव्हा नकल काढून सरळ प्रेसवाल्याकडे ने, हातोड्याने ठोकलीस तर नवीनच खराब होईल. नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवरच हवा. एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर बेअरिंगची मॅग्नेटवाली बाजू सेन्सरकडे. एक्सल नट नवीनच घाल, टॉर्क (किती जोराने आवळायचा ते) मॅन्युअलमध्ये बघून. बेअरिंगसकट बोल्टने बसणारा हब असेल तर मात्र सगळं अंगणातच होतं.