अमेरिकेतल्या कॉलेजांत ‘अल्फा फाय ओमेगा’ नावाची फ्रॅटर्निटी, म्हणजे विद्यार्थ्यांची सदस्य-संघटना, आहे. ती नेमकं काय करते? आपल्या मुलांनी त्यात जावं का?

फ्रॅटर्निटी म्हटलं की पार्ट्या आणि मोठ्ठी बंगलेवजा घरं आठवतात. ही त्यातली नाही, ही समाजसेवेसाठीची. १९२५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात फ्रँक रीड हॉर्टन या विद्यार्थ्याने ती सुरू केली. पहिल्या महायुद्धात तो नौदलात होता आणि स्काउट चळवळीचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता. स्काउटची शपथ ज्या मूल्यांवर उभी आहे, तीच कॉलेजवयीन मुलांनी पुढे जगावीत, हा त्याचा हेतू. म्हणून तत्त्वं तीनच: नेतृत्व, मैत्री, सेवा. १९७६ पासून मुलींनाही रीतसर सदस्यत्व मिळतं.

काम म्हणाल तर रक्तदान शिबिरं, अन्नवाटप, साफसफाई. आपल्या एनएसएससारखंच, फक्त इथे सरकार नाही. उपक्रम विद्यार्थीच ठरवतात, हिशेबही तेच ठेवतात. माझ्या मते खरं शिक्षण त्या हिशेबात आणि भांडणं मिटवण्यात आहे.

नवख्या मुलाला ओळखी पटकन होतात, त्यामुळे जरूर जावं. मात्र वर्गणी किती आणि दर सत्रात सेवेचे किती तास सक्तीचे, हे त्या कॉलेजच्या शाखेला आधी विचारा. परीक्षेच्या दिवसांत ते तास अंगावर येतात.