कामगार कायदे कडक असल्यामुळेच असंघटित रोजगार वाढतो का?

कामगार कायद्यांच्या धाकामुळे मालक कायम नोकरी देत नाहीत आणि म्हणून असंघटित रोजगार फोफावतो, हे खरे का, असे आपण विचारले आहे. मोठ्या कारखान्यांपुरते त्यात तथ्य आहे. कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याची अट 1976 मध्ये 300 कामगारांच्या कारखान्यांना लागू झाली आणि 1982 च्या दुरुस्तीने ती 100 पर्यंत खाली आणली गेली. तेव्हा नव्याण्णवावर थांबण्याचा किंवा ठेकेदाराकडून माणसे घेण्याचा मोह अनेकांना झाला असणार. पण मी बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातला आहे, आणि आमच्याकडचा सर्वांत मोठा असंघटित रोजगार, म्हणजे ऊसतोड, या तर्कात बसत नाही.

माझे चुलते अनेक हंगाम ऊसतोडीला जात होते आणि त्यांचा हिशेब मी वहीत लिहीत असे. पावसाळ्यात, घरात पैसा नसतो नेमक्या त्याच वेळी, मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजुरी टनावर ठरते, ती उचलीतून वळती होते, खाडा पडला तर दंड लागतो आणि हंगामाअखेर जे फिटत नाही ते पुढच्या वर्षाच्या नावे चढते. त्या वहीत चुलतीचे नाव कधीच नव्हते, याची जाणीव मला फार उशिरा झाली.

या साखळीत कारखाना नोंदणीकृत आहे, ऊस कायदेशीर आहे, साखरेचे पोतेन्‌पोते मोजले जाते. फक्त तोडणाऱ्याचा मालक कोण, हे कागदावर कुठेच नीट ठरत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा 1979 चा कायदा बेळगावला गेलेल्या टोळीला लागू होऊ शकत होता, कोल्हापूरला गेलेल्या टोळीला नाही, कारण तिने राज्याची सीमाच ओलांडलेली नसते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातील 20 कामगारांची मर्यादा महाराष्ट्राने पुढे 50 वर नेली आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितेतही ती 50 च आहे. दहा-बारा कोयत्यांची टोळी धरणारा मुकादम त्यामुळे सहज बाहेर राहतो. येथे कायदा जाचक आहे असे म्हणणे मला तरी धाडसाचे वाटते.

आपल्याच राज्यात वेगळा मार्गही आहे. 1969 च्या माथाडी कायद्यानुसार नोंदीत मालक मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो, मंडळ मजुरी हमालाला देते आणि भविष्य निर्वाह निधीसारखे लाभही लेव्हीतूनच भागवले जातात. हमालाने आज एका आडतीवर आणि उद्या दुसऱ्या आडतीवर पोती उचलली तरी त्याची नोंद मोडत नाही. हीच रचना ऊसतोडीला लावा, अशी सूचना अनेकदा ऐकू येते आणि ती मला मान्य आहे. पण तिच्यात एक अडचण राहते. हमालाला मजुरी काम झाल्यावर मिळते, तर ऊसतोड मजुराला ती कामाच्या चार महिने आधी हवी असते. मुकादम हा मजूर पुरवणारा आहेच, पण त्याआधी तो सावकार आहे. मंडळाने लेव्ही गोळा केली आणि पावसाळ्यातील उचल मात्र दिली नाही, तर माझे चुलते मंडळात नाव नोंदवूनही पुन्हा मुकादमाच्याच ओट्यावर जाऊन बसले असते.